इटलीतलं शेतघर, मेताउरोचं खोरं आणि माणगावचे यशवंत घाडगे

इटली म्हटलं की आपल्याकडे रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि पिसाचा मनोरा हे ठरलेलंच असतं, रोज नवीन हॉटेल आणि रोज सकाळी सातला बॅगा बसमध्ये. यावेळी आई बरोबर येणार होती, वय ६९, गुडघे दुखतात पण फिरायची हौस दांडगी, त्यामुळे एकाच जागी मुक्काम टाकायचा आणि तिथून रोज कुठेतरी जाऊन संध्याकाळी परत यायचं असं आधीच ठरवलं होतं. नवऱ्याला डोंगर हवे होते, लेकाला समुद्र, मला शेत आणि स्वयंपाकघर, आणि आईची मागणी एकच, मोंतोने. आईचं माहेर रायगडातल्या माणगाव तालुक्यातलं. माणगावला तहसील कचेरीपाशी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, व्हिक्टोरिया क्रॉसवाले, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळालेले, तो ती कित्येक वर्षं बघत आलीये. हे घाडगे दुसऱ्या महायुद्धात लढताना कामी आले ते इटलीत, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ ला, आणि त्याच भागातल्या मोंतोने गावात २०२३ च्या जुलैमध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं. ती बातमी आईने पेपरातून कापून ठेवली होती.

मग नकाशा घेऊन बसलो. मोंतोने उंब्रिया प्रांतात आहे आणि उंब्रियाला समुद्र नाही, पण डोंगर ओलांडून पलीकडे गेलं की मार्के प्रांत लागतो, एड्रियाटिक समुद्राला टेकलेला. टस्कनीइतकीच सुंदर टेकाडं, गर्दी त्या मानाने फार कमी. तिथे मेताउरो नदीच्या खोऱ्यात, फोसोम्ब्रोने गावाच्या वरच्या टेकडीवर एक आग्रितुरिस्मो बुक केलं, म्हणजे शेतावरचा मुक्काम. इटलीत यासाठी १९८५ पासून स्वतंत्र कायदा आहे, २००६ मध्ये तो नव्याने केला, आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की पाहुणे ठेवणारा खराखुरा शेतकरी असावा लागतो आणि शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे हा जोडधंदा. नुसती चार झाडं लावून रिसॉर्टला शेत म्हणता येत नाही. आपल्याकडे महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, त्यावर काम करणाऱ्यांनी इथे येऊन दोन दिवस राहून बघावं असं मनापासून वाटतं.

शनिवार

बोलोन्याला उतरलो, गाडी घेतली. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट पुण्याहूनच काढून नेलं होतं, ते काउंटरवर मागतातच, आपलं लायसन्स एकटं चालत नाही. जास्तीचा विमा घ्या म्हणून बराच आग्रह झाला, पण नवऱ्याने सगळं आधी वाचून ठेवलेलं असल्याने विषय लवकर मिटला. ए-१४ मोटरवेला लागताना मशीनमधून तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे भरायचे, फक्त टेलेपासच्या (आपल्या फास्टॅगसारखं) पिवळ्या लेनमध्ये शिरायचं नाही एवढं लक्षात ठेवा.

इमोला गेलं आणि फाएन्झाच्या अलीकडे सेनिओ नदी लागते, पटकन मागे जाते, नदी तशी लहानच आहे. आईने मागच्या सीटवरून सांगायला सुरुवात केली. याच नदीच्या काठावर खाली उत्तरेकडे ९ एप्रिल १९४५ ला शिपाई नामदेव जाधव यांनी मशीनगनच्या माऱ्यातून दोन जखमी सोबत्यांना उचलून पलीकडे आणलं, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी गप्प केली आणि बांधावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या कंपनीला पुढे बोलावलं. जाधव नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे, तेही व्हिक्टोरिया क्रॉस, आणि ते जिवंत परत आले. लेक अकरा वर्षांचा आहे, त्याने खिडकीतून मागे वळून वळून ती नदी बघायचा प्रयत्न केला.

फानोला मोटरवे सोडला आणि मेताउरोच्या काठाने आत शिरलो. शेवटचे दोन किलोमीटर पांढऱ्या खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना पिकलेला गहू, आणि वर विटांचं दुमजली घर, बाहेरून जिना. मालकीणबाई दारात उभ्याच होत्या, त्यांना सगळे सिन्योरा म्हणत होते म्हणून आम्हीही सिन्योराच म्हणायला लागलो. रात्रीचं जेवण आठ वाजता, पण जूनच्या शेवटी तिथे सूर्य मावळतो नऊला, त्यामुळे आपण अंगणात उन्हात बसून रात्रीचं जेवतोय हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

रविवार

आज कुठेच जायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं आणि तोच दिवस सगळ्यात भरगच्च गेला.

सकाळी सिन्योराच्या वडिलांबरोबर शेत फिरलो. वय ८४, नोन्नो म्हणजे आजोबा, सगळ्या पाहुण्यांचे तेच आजोबा. गहू, सूर्यफूल, हरभरा, लसूणघास, वरच्या उतारावर ऑलिव्ह आणि साठेक मेंढ्या. गव्हावर सूर्यफूल, मग शेंगवर्गीय, असं फिरवून घेतात, जमीन चिकण आहे आणि उतार तीव्र, त्यामुळे सारखं एकच पीक घेतलं की माती वाहून जाते. एका पट्ट्यात गहू बाकीच्यापेक्षा खूप उंच होता, माझ्या छातीपर्यंत. तो सेनातोरे काप्पेल्ली, शंभरेक वर्षांपूर्वीचा जुना वाण. तो तयार केला नाझारेनो स्त्राम्पेल्ली यांनी, हे शास्त्रज्ञ याच मार्के प्रांतातले, जन्म १८६६ चा, आणि इटलीत गव्हाचं उत्पादन वाढलं त्यात यांच्या वाणांचा फार मोठा वाटा आहे. उंच असल्यामुळे हा गहू पावसात आडवा पडतो, उतारा कमी येतो, पण पास्त्याला चव येते म्हणून तेवढा एक पट्टा राखलाय असं आजोबा म्हणाले. हे सगळं मोबाइलच्या भाषांतरावर चाललं होतं, ते बोलायचे, लेक फोन पुढे धरायचा, आणि मग आम्ही सगळे स्क्रीनमध्ये डोकं घालायचो.

परत येऊन जेवणघरात बसलो तर आई म्हणाली, हा गोठा होता का रे पूर्वी? भिंतीत खाली लोखंडी कड्या होत्या, त्या तिने बरोबर ओळखल्या. हो, खाली गोठा आणि वर माणसं, बैलांची ऊब वरती जायची. आणि मग आजोबांनी जे सांगितलं त्यावर आई पुढचा तासभर जागची उठली नाही. हे घर त्यांच्या वडिलांचं नव्हतंच. जमीन शहरातल्या मालकाची, घर मालकाचं, कष्ट यांचे आणि पीक निम्मं-निम्मं. कोंबड्या, अंडीसुद्धा सणाला मालकाकडे पोचवायची, घरात लग्न करायचं तरी मालकाला विचारायचं. याला तिथे मेत्झाद्रिया म्हणतात, मध्य इटलीत शेकडो वर्षं हेच चालायचं आणि टेकड्यांवर दूर दूर एकेकटी जी घरं दिसतात, फोटोत इतकी देखणी वाटतात, ती सगळी या अर्धेलीने कसणाऱ्यांची. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करायला बंदी आली, तोवर अर्धं गाव कारखान्यांत कामाला निघून गेलं होतं. आजोबांच्या वडिलांनी मात्र कर्ज काढून हीच जमीन मालकाकडून विकत घेतली.

आई म्हणाली, सांग त्यांना, आमच्याकडे खोत होते. माझ्या आजोबांनी खंडाने शेत कसलं, खोताच्या ओटीवर भात नेऊन घातलं, आणि कूळ कायदा आला तेव्हा बाबांच्या नावावर सातबारा झाला. आता सातबारा आणि खोत हे भाषांतराला काही झेपेना, शेवटी नवऱ्याने कागदावर चित्र काढून, बाण मारून दाखवलं. आजोबांनी चित्र नीट बघितलं, उठले, आत गेले आणि एक जुनी वही घेऊन आले. लाल कापडी पुठ्ठा, आत शाईने दोन रकाने, एकात मालकाचं आणि एकात यांचं, पोती, अंडी, द्राक्षं, सगळं ओळीने लिहिलेलं. आईने एकेका रकान्यावरून बोट फिरवत ती वही शेवटच्या पानापर्यंत बघितली. तिला इटालियन येत नाही पण आकडे वाचता येतात, आणि एका वर्षी यांचा रकाना नुसता कोराच आहे हेही तिच्याच लक्षात आलं. त्या वर्षी गारपीट झाली होती, आजोबा म्हणाले.

दुपारी स्वयंपाकघर. रविवार म्हणून पासातेल्ली होते. शिळ्या पावाचा चुरा, किसलेलं पार्मेजान, अंडी, जायफळ आणि लिंबाची किसलेली साल, एवढंच मळून गोळा करायचा आणि भोकाच्या चकतीतून दाबून थेट उकळत्या कोंबडीच्या रश्शात पाडायचे. आपला सोऱ्या आणि कुरडया, अगदी तेच काम. आईने दोन मिनिटं बघितलं आणि पदर खोचून सिन्योराच्या हातातून तो दाबायचा साचा घेतला. गोळा सैल असेल तर रश्शात विरघळतो, घट्ट असेल तर साच्यातून उतरतच नाही, त्यामुळे चुरा किती घालायचा हे हाताला कळावं लागतं, मोजमाप नाही. तुकडे बोटभर झाले की सुरीने कापायचे, वर तरंगले की झाले. एकमेकींचा एक शब्दही न कळता दोघींनी बारा माणसांचा स्वयंपाक केला.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना, हे रस्सा प्रकरण मांसाहारीच असतं, आणि ऊर्बिनोकडची क्रेशा ही पापुद्र्यांची भाकरी दिसायला साधी असली तरी त्यात बहुतेक वेळा डुकराची चरबी घालतात. आधी विचारून घ्या, आपुलकीने दुसरं काहीतरी करून देतात.

सोमवार

फुर्लोची घळ. आमच्यापासून जवळच, कांदिल्यानो नदी दोन उंच कड्यांमधून वाहते आणि खाली धरणामुळे पाणी थांबून गडद हिरवं दिसतं. इथून रोमन लोकांचा फ्लामिनिया रस्ता जायचा, रोमहून निघून डोंगर पार करून समुद्राला भिडणारा, आणि कडा आडवा आला तिथे सम्राट व्हेस्पासियनने इसवी सन ७६ मध्ये बोगदा खोदून घेतला. साधारण ३८ मीटर लांब, दगडावरच्या छिन्नीच्या खुणा अजून स्पष्ट दिसतात, तोंडावर लॅटिन शिलालेख आहे. शेजारीच त्याच्याही आधीचा एक छोटा बोगदा आहे. आम्ही सावलीत नदीकाठाने चाललो, वर सोनेरी गरुड असतात म्हणतात, आम्हाला काही दिसले नाहीत.

परतताना अक्वालान्या, ट्रफलचं गाव, ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी वासाची अळंबी. पांढरं ट्रफल ऑक्टोबर ते डिसेंबर, उन्हाळ्यात मिळतं ते काळं आणि बरंच स्वस्त. अंड्यावर किसून खाल्लं, वास आवडला, नवऱ्याला तर फारच आवडला.

मंगळवार

ऊर्बिनो मुद्दाम मंगळवारी ठेवलं, कारण तिथलं मुख्य संग्रहालय सोमवारी बंद असतं. गाडी खाली बोर्गो मेर्कातालेला लावायची, वर शहरात गाडी न्यायचीच नाही, जुन्या शहरांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेऱ्याने फोटो निघून दंड थेट घरी येतो.

ड्यूकचा राजवाडा म्हणजे फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याचा. भाडोत्री सैन्याचा सेनापती, लढाया जिंकून मिळालेल्या पैशातून याने पंधराव्या शतकात एवढ्याशा डोंगरी गावात पुस्तकं, चित्रकार, वास्तुकार, गणिती जमवले. एका स्पर्धेत उजवा डोळा गेला म्हणून याची सगळी चित्रं डाव्या बाजूने काढलेली आहेत. राजवाड्यात बघायचं ते त्याची अभ्यासिका. एवढीशी खोली, आणि भिंतीवर सगळं लाकूडकाम, वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे जोडून केलेलं. अर्धवट उघडी कपाटं, त्यात पुस्तकं, वाद्यं, चिलखत, आणि हात लावून बघेपर्यंत पटत नाही की भिंत सपाट आहे (हात लावायचा नाही अर्थात, पहारेकरीबाई बघत असतात). एका ठिकाणी टोपलीत फळं आणि शेजारी खार बसलीये, ती लेकाने शोधून काढली आणि मग आम्ही तिथेच वीस मिनिटं उभे. खारीच्या शेपटीतले केस सुद्धा लाकडाच्या बारीक कपच्यांचे आहेत.

राजवाड्यातच पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं ख्रिस्ताला फटके मारतानाचं चित्र आहे, छोटंसंच आहे पण हलू देत नाही. हे चित्र, त्याचंच आणखी एक आणि राफाएलचं एक, अशी तीन १९७५ मध्ये इथून चोरीला गेली होती, पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये सापडली. राफाएल इथलाच, १४८३ चा जन्म, त्याचं घर पण बघता येतं. बाप चित्रकार होता, अंगणात रंग वाटायचा दगड अजून आहे. राफाएल आठ वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि अकराव्या वर्षी वडील, हे वाचल्यावर लेक एकदम माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

बुधवार

सकाळी लवकर निघालो. फोसोम्ब्रोनेहून अक्वालान्या, पिओब्बिको, अपेक्किओ असं करत बोक्का सेर्रीओलाचा घाट चढायचा आणि पलीकडे उंब्रियात उतरायचं. रस्ता वळणावळणाचा आहे, अंतर कमी दिसलं तरी दीड-पावणेदोन तास धरा. पलीकडे चित्ता दि कास्तेल्लोपाशी तायबरचं खोरं उघडतं, सपाट, हिरवं, तंबाखूची आणि सूर्यफुलांची शेतं. रोमला जी नदी बघायला लोक जातात तीच इथे लहान असते. आई पूर्ण वेळ दोन्ही बाजूंची टेकाडं बघत होती. कुठल्या टेकडीवर असेल गं, एवढंच मधे एकदा म्हणाली.

काय झालं होतं ते थोडक्यात सांगते कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याच्या तीन डिव्हिजन इटलीत लढल्या, चौथी, आठवी आणि दहावी, पन्नास हजारांवर सैनिक, त्यातले ५,७८२ इथेच गेले. इटलीतल्या लढाईसाठी दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे. १९४४ च्या जुलैमध्ये जर्मन सैन्य तायबरच्या खोऱ्यातून एकेक टेकडी लढवत मागे सरत होतं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी चढाई करत असताना अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि नाईक घाडगे यांच्या तुकडीतले सगळेच्या सगळे मेले किंवा जखमी झाले, हे एकटे उरले. ते थांबले नाहीत. मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकून ती बंद पाडली, एकाला टॉमीगनने गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथेच पडले. वय २२. त्यांची वेगळी कबर नाही, नाव कासिनोच्या युद्धस्मारकावर आहे.

मोंतोने हे टेकडीवरचं तटबंदीचं जुनं गाव, दगडी गल्ल्या, खिडक्यांत जिरेनियम. गाडी तटाबाहेर लावून चालत वर गेलो. चौकातल्या कॅफेत कॉफी घेताना मी मोबाइलमधला घाडगेंचा फोटो दाखवून विचारलं, तर काउंटरवरच्या बाई लगेच बाहेर आल्या आणि स्वतः आमच्याबरोबर चालायला लागल्या. दुकान तसंच उघडं टाकून.

स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, आणि खाली त्यांचं नाव. आईने चपला काढल्या. पाटीवरचं नाव तिने मोठ्याने वाचलं आणि मग त्या कॅफेवाल्या बाईंकडे वळून चक्क मराठीत सांगितलं, हे पळसगावचे, माणगाव तालुका, माझं माहेर तिथलंच. बाईंनी ऐकून घेतलं, पूर्ण, आणि आईचा हात धरून उभ्या राहिल्या. मला काही बोलता येईना. नवरा फोटो काढायचा विसरला, नंतर काढले.

लेकाने एक गोष्ट बरोबर हेरली. मोबाइलवर बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि सावली अकराच्या आसपास होती. एक तास तर उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात त्याचा, आणि उरलेली मिनिटं मुख्यतः अशी की इटलीची प्रमाणवेळ ज्या रेखांशावर धरतात त्याच्या पश्चिमेला हे गाव आहे, सूर्य इथे माथ्यावर थोडा उशिराच येतो. आजी, म्हणजे हे घड्याळ ते होते तेव्हाची वेळ दाखवतं का, असं त्याने विचारलं. आई म्हणाली, सूर्याची वेळ दाखवतं बाळा, तीच तेव्हाची पण. आम्ही तिथे तासभर होतो. कुणीही हटकलं नाही, येणारे-जाणारे दोघं-तिघं मान झुकवून पुढे गेले.

मला फार वाटतं की इटलीला जाणाऱ्या मराठी माणसाने इथे एकदा यावं. आपल्या टूर पेरुजिया, असिसीपर्यंत येतात, तिथून हे गाव फार लांब नाही. एका परक्या देशातल्या छोट्याशा गावाने, ऐंशी वर्षांनी, आपल्या रायगडातल्या बावीस वर्षांच्या मुलाचं नाव दगडावर लावलंय, त्यासाठी कुणी इटालियन माणसांनी पाठपुरावा केलाय. आणि तिथे आपलं कुणी आलं की त्यांना किती बरं वाटतं हे मी डोळ्यांनी बघितलं. कॅफेत परत आलो तर त्या बाईंनी कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

येताना दुसऱ्या घाटाने आलो, बोक्का त्राबारिया, १,०४९ मीटर, दाट झाडी. पूर्वी इथली फरची उंच झाडं तोडून तायबरमधून रोमपर्यंत तरंगत न्यायचे, मोठमोठ्या चर्चच्या तुळयांसाठी. उर्बानियाला थांबून चिनीमातीची दोन ताटं घेतली.

गुरुवार

समुद्र एकदाचा. पेझारोच्या उत्तरेला सान बार्तोलोचा डोंगर थेट पाण्यात उतरतो, एरवी इथला किनारा सपाट आणि रेल्वेलाइनच्या कडेकडेने जाणारा, त्यामुळे हा तुकडा वेगळाच वाटतो. वरून रस्ता आहे, दोन्हीकडे पिवळ्या फुलांची झुडपं, मधे फियोरेन्झुओला दि फोकारा नावाचं एवढंसं गाव. तिथून खाली पायवाटेने गोट्यांच्या किनाऱ्यावर जाता येतं, पण वाट उभी आहे आणि सावली अजिबात नाही, आई आणि मी वरच थांबलो, बापलेक खाली जाऊन पोहून आले. पाणी आणि टोपी घेऊनच उतरा.

संध्याकाळी सपाट किनाऱ्यावर गेलो. रांगेत छत्र्या आणि खुर्च्या, त्या भाड्याच्या, मधे मधे फुकटची मोकळी वाळू असते ती शोधायची. पाणी उथळ, मुलांना लांबवर चालत जाता येतं.

शुक्रवार

फानो, आणि आईच्या भाषेत खरा दिवस, कारण मासे. बंदरात तिसऱ्यांच्या होड्या आलेल्या होत्या. इथल्या तिसऱ्या आपल्यापेक्षा बारीक, नक्षीच्या, होडीतच चाळणीतून चाळतात आणि २२ मिलिमीटरपेक्षा लहान परत समुद्रात. आईने दोन उघडून बघितल्या, वास घेतला आणि पसंत केल्या. दुपारी त्याच तिसऱ्या स्पॅगेटीत खाल्ल्या, लसूण, ऑलिव्ह तेल, पार्सली, बस, वाटण नाही की काही नाही, आणि आईने कधी नव्हे ते परत मागून घेतलं.

ब्रोदेत्तो म्हणजे तिथलं माशांचं कालवण, आणि त्याच्यावरून किनाऱ्यावरची गावं एकमेकांशी वाद घालतात. फानोच्या कालवणात टोमॅटोचा दाट गर आणि व्हिनेगर, दक्षिणेला पोर्तो रेकानातीला टोमॅटो अजिबात नाही आणि केशरासारख्या पिवळ्या रंगाचं, सान बेनेदेत्तोला कच्चे हिरवे टोमॅटो आणि ढोबळी मिरची. मूळ खाणं कोळ्यांचं, विकले न जाणारे, काटेवाले मासे होडीवरच शिजवायचे. व्हिनेगरबद्दल आईचं मत, माशाला आंबट पाहिजेच, आपण कोकम घालतो, हे बरोबर करतात.

जेवणानंतर मोरेत्ता, खाली गरम बडीशेपेचं मद्य, रम आणि ब्रँडी, वर कॉफी, लिंबाची साल. थंडीत समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांचं पेय, मी घोटभर घेतली, भलतीच कडक.

गावात ऑगस्टसची कमान बघायची, इसवी सन ९ ची, फ्लामिनिया रस्ता याच दारातून शहरात यायचा, फुर्लोच्या बोगद्यातून आलेला तोच. वरचा सज्जा मोडलाय, आणि तो मोडला १४६३ मध्ये फेदेरिकोच्या तोफांनी, तो ऊर्बिनोचा पुस्तकवेडा ड्यूकच. शेजारच्या चर्चच्या भिंतीवर कमान आधी कशी होती ते दगडात कोरून ठेवलंय, दोन्ही एका नजरेत बघता येतं.

शनिवार

गहू कापणीला आला होता, रात्रभर मशीनचे दिवे समोरच्या उतारावर फिरत होते, आजोबा नातवाबरोबर तिकडेच. निघताना सिन्योराने चीज दिलं, काशोत्ता, बहुतांश मेंढीचं आणि थोडं गाईचं दूध, महिनाभराच्या आत खायचं. आईने तिला घरून आणलेलं कोकम दिलं आणि माशाच्या ब्रोदेत्तोत किती घालायचं ते हाताने दाखवलं.

जाणाऱ्यांसाठी: गाडीशिवाय हे जमणार नाही, आतल्या गावांना बस फार कमी. जूनचा शेवट किंवा सप्टेंबर बघा, ऑगस्टमध्ये सगळी इटली किनाऱ्यावर असते. दुकानं दुपारी एक ते चार बंद. फक्त मोंतोने करायचं असेल तर पेरुजियाहून ई-४५ रस्त्याने उंबेर्तिदेपर्यंत या, तिथून गाव जवळच आहे, आणि स्मारक सापडलं नाही तर चौकात घाडगेंचं नाव घ्या.